आवर्तन सुटलं तेव्हा आम्ही बेटावर होतो

माझ्या लेकीचा धंदा मला पहिल्यांदा नीट कळला तेव्हा मी हातातला टोमॅटोचा क्रेट खाली ठेवून बांधावर बसले. पुण्या-मुंबईची माणसं तिच्याकडे येतात आणि ती त्यांना काय देते, तर तीन दगडांची चूल, झोपायला जमीन आणि अंघोळीला धरण. तंबू नाही, गॅस नाही, दिवा नाही. आणि माणसं जाताना तिचे आभार मानतात!

मला सव्वीस वर्षं झाली लग्नाला. त्यातली पहिली अकरा मी चूल फुंकली. गॅस आला त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले होते. आणि माझी आरोही, बी. कॉम. झालेली, चोवीस वर्षांची, धरणाच्या फुगवट्यातल्या एका टेकडीवर लोकांना नेऊन चूल फुंकायला शिकवते. ती टेकडी पावसाळ्यानंतर चहूबाजूंनी पाण्यात असते, म्हणून सगळे तिला बेट म्हणतात. दोन वर्षं हे चाललं होतं आणि दोन वर्षं मी नावं ठेवत होते. त्यात माझा हात कुणी धरत नाही.

मार्चच्या सुरुवातीला पुण्यातल्या एका कंपनीचं पत्र आलं. नोकरी पक्की, मंगळवारी सकाळी दहाला हजर व्हायचं. अर्ज तिने माझ्याच रेट्यापायी केला होता. पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "आई, तू नुसतं ऐकून बोलतेस. शनिवारी बेटावर चल. दोन रात्री राहा. त्यानंतर तू म्हणालीस सोड, तर सोडते. मंगळवारी जाऊन हजर होते."

"शब्द फिरवायचा न्हाई," मी म्हणाले.

"नाही फिरवणार."

ती शब्दाची पक्की आहे, माझ्यावरच गेलीय. म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता. मी जायचं, दोन रात्री अंग आखडून काढायच्या, आणि सोमवारी सकाळी म्हणायचं, सोड. तिची पुण्याला न्यायची बॅग मी शुक्रवारीच भरून ठेवली.

त्या शुक्रवारी मला आणखी एक काम होतं. आमचं गाव नारायणगावच्या बाजूला, कालव्याच्या खाली. उन्हाळी टोमॅटोची लागण झालेली, रोपं कोवळी, विहिरी तळाला गेलेल्या, आणि कालव्याचं आवर्तन, म्हणजे आमची पाण्याची पाळी, म्हणे दहा तारखेला सुटणार. म्हणजे आणखी आठवडाभर पाण्याचं नाव नाही. आम्ही तीस बायका रिकाम्या घागरी घेऊन कालव्याच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. साहेब बाहेर आले, भले माणूस होते बिचारे, म्हणाले, "ताई, दहा तारखेला नक्की."

मी म्हणाले, "साहेब, दहाला आमची रोपं माना टाकत्याल. उद्या सोडा, न्हाईतर आमी हितंच चूल मांडतो. जेवाया तुमी बी या."

साहेबांनी तीन फोन केले आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी सोडतो." बायकांनी घागरी वाजवल्या. कुणीतरी माझा व्हिडिओ काढला. मी त्या दिवशी घरी आले ती जमिनीला पाय न टेकवता. आरोही तेवढी बेटाचं सामान आणायला गेलेली, ती रात्री उशिरा आली आणि तिला सांगायचं राहूनच गेलं.

शनिवारी आरोहीच्या मोटरसायकलवर मागे बसून निघाले. जुन्नर गेलं, घाट गेला, दुपारी फुगवट्याच्या काठावरच्या वाडीत पोहोचलो. तिथे जानकूबाबा राहतात. साठीचे, काटक. होडी त्यांची, पत्र्याची. माझ्यासोबत चाळीस चपात्या, लोणच्याची बरणी, दोन चादरी, उशी आणि घरच्या पाण्याचे दोन कॅन होते.

"आई, सगळीकडे पाणीच आहे," आरोही म्हणाली.

"आसंल. ते आपलं न्हाई."

तिने एक गोधडी सोडून सगळं जानकूबाबांच्या ओट्यावर ठेवलं. तिचा नियमच तसा. प्रत्येकाने एक गोधडी आणायची. पीठ, मीठ, मिरची, थोडी रताळी, एक तवा, एक पातेलं आणि कोयता एवढं ती देणार. पाणी तिथलंच, उकळून. मी भांडले, पण चपात्यासुद्धा ओट्यावरच राहिल्या.

आता होडी. माझं माहेर आणे, पठारावरचं. तिथे लहानपणी पाणी टँकरने यायचं आणि हंड्यांच्या रांगेत माझं निम्मं शिक्षण झालं. पोहणं दूर, गुडघ्याच्या वर पाण्यात मी कधी उतरले नव्हते. एवढं पाणी एका जागी नुसतं पडलेलं दिसलं की मला उगाच वाटतं, कुणाचं तरी नुकसान होतंय. मी होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. जानकूबाबा काठावरून म्हणाले, "वैनी, मधी बसा आन हलू नगा. पानी काय करत न्हाई, मानूसच करतंय."

आरोही वल्हवत होती. तिच्या दंडाकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. चांगले भरले होते. क्रेट उचलायला सांगितला की मात्र हिची कंबर दुखायची.

बेट चारेक एकराचं असेल. वाडीकडची बाजू उतरती, तिथे मातीच्या घळीत तिने होडी झाडाच्या मुळीला बांधली. पलीकडची बाजू खडकाळ, पाणी एकदम खोल. मध्ये करवंदीच्या जाळ्या, घाणेरीचं रान, थोडी ऐनाची झाडं, आणि माथ्यावर एक मोठा खडक. फोनला रेंज फक्त त्या खडकावर.

"पहिलं काम," आरोही म्हणाली. "जागा शोध."

"कसली जागा?"

"झोपायची."

"टाक की कुटंबी."

"कुठंही नाही. इथं ज्याची त्यानं शोधायची. मी कुणाची जागा ठरवत नाही." आणि ती सरळ लाकडं गोळा करायला निघून गेली.

मी तशीच उभी राहिले. माहेरी आम्ही चौघी बहिणी एका सतरंजीवर. सासरी पहिली सात वर्षं स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांच्या खाटेशेजारी खाली. हंगामात पडवीत, क्रेटांच्या राखणीला. मी कुठे झोपायचं हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तो प्रश्न पडला नव्हता. कोणी रागावून म्हणालं असतं की तिथे झोप, तर दोन मिनिटांत झालं असतं. आता तास-दीड तास मी त्या बेटावर गोधडी काखेत मारून हिंडत होते. चार ठिकाणी आडवी होऊन पाहिलं. एका जागी मुंग्या, एका जागी पाठीखाली दगड, एका जागी उतार, आणि चौथी चांगली होती पण मला आवडली नाही. आवडली नाही म्हणून सोडली! नंतर एका ऐनाखाली सपाट जागा सापडली, जिथून पाणी पण दिसत होतं आणि चूल पण.

"हितं," मी ओरडले.

आरोहीने येऊन पाहिलं. "इथं सकाळचं ऊन सगळ्यात आधी येतं."

"मला म्हाईतेय," मी म्हणाले. मला काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी तिने चूल पेटवली. ओलं लाकूड मध्ये घातलेलं, धूर नुसता. माझे हात शिवशिवत होते. पण तिचा दुसरा नियम असा की घरी जी रोज चुलीपाशी असते तिने इथे चुलीला हात लावायचा नाही. येणाऱ्या पुरुषांना मात्र ती पहिल्याच दिवशी भाकरी थापायला बसवते. मी दगडावर बसून लांबून सांगत राहिले, लाकूड मागं ओढ, फुंकू नको, तवा तापू दे. तिने एक ऐकलं नाही. भाकरी कडेला जाड आणि मध्ये कच्ची झाली. सोबत भाजलेली रताळी आणि तिने गळाने धरलेला मासा, मीठ-मिरची लावून निखाऱ्यावर टाकलेला. मी तीन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्याने थापलेली भाकरी गरम गरम, बसल्या जागी खायची कशी असते ते मी विसरले होते. मला फार बरं वाटलं. तसं तोंडावर दिसू दिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

अंग आखडायचं ठरवून आडवी झाले आणि ऊन तोंडावर आलं तेव्हा उठले. एवढी सलग झोप मला बाळंतपणातसुद्धा मिळाली नव्हती.

रविवारी मी काय केलं असं कुणी विचारलं तर सांगायला काही नाही. करवंदाला फुलं आली होती, ती पाहिली. बगळे पाहिले. केस धुतले आणि ते वाळेपर्यंत बसून राहिले. घरी मी केस चालता चालता वाळवते. दुपारी आरोही मला खडकाळ बाजूच्या एका उथळ खळग्यात घेऊन गेली, म्हणाली, पाठीवर पड, मी हात धरलाय. मी तिला सतरा शिव्या दिल्या आणि पडले. कानात पाणी गेलं, सगळे आवाज बंद झाले, वर नुसतं आभाळ. तिचा हात पाठीखाली होता. ही पोर तीन महिन्यांची असताना मी तिला असाच हात पाठीखाली धरून परातीत अंघोळ घालायचे, ते आठवलं आणि मी हसले तशी नाकात पाणी गेलं.

ओल्या कपड्यांसाठी मी सकाळीच एक दगड पाहून ठेवला होता, पाण्याला टेकलेला. वर येऊन पाहते तर पाणी त्याच्यापासून चांगलं वीतभर खाली होतं. मी मनात म्हणाले, ऊन लई तापायला लागलंय. आणि कपडे पिळले.

संध्याकाळी आरोही गळ गुंडाळत बसली. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, कसं वाटलं, आवडलं का, काही नाही. उद्याचा "सोड" माझ्या तोंडात तयार होता, पण दिवसभर चघळून त्याची चव गेली होती.

सोमवारी उजाडताच ती सामान घेऊन घळीकडे गेली आणि मला तिची हाक ऐकू आली. मी धावत गेले. होडी होती तिथेच होती. पाणी मात्र नव्हतं. चाळीस फूट लांब गेलं होतं, आणि मध्ये नुसता काळा, चमकणारा गाळ. आरोहीने एक पाय टाकला, तो मांडीपर्यंत आत गेला. दोन्ही हातांनी मुळी धरून तिने तो कसाबसा बाहेर काढला.

"आवर्तन सुटलंय," ती म्हणाली. "कसं शक्य आहे? निघायच्या आधी मी धरणावर नेहमी फोन करते. शुक्रवारी सकाळी वॉचमन म्हणाला, दहा तारखेपर्यंत काही नाही."

मी मुळीवरचा गाळ पुसायला लागले.

"आई?"

"शनिवारी सांजचं सुटलं," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

"मीच सोडाया लावलं."

तिला सगळं सांगितलं. घागरी, पायऱ्या, साहेबांचे तीन फोन. आम्हा कालव्याखालच्या माणसांना पाणी येतं एवढंच माहीत. ते सुटलं का, किती दिवस चालणार, शेवटच्या टोकाला पोहोचलं का, यावर आम्ही रात्रंदिवस बोलतो. पण येतं म्हणजे कुठून तरी जातं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पाण्याच्या मधोमध बसून, दगड कोरडा पडलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही आलं नाही. माझ्यासारखी शहाणी मीच!

आरोही होडीच्या कडेला डोकं टेकून हसायला लागली. मी आधी चिडले. मग मलाही हसू आवरेना.

पलीकडच्या काठावर जानकूबाबा दिसले. त्यांनी तोंडाला हात लावून हाक मारली, "वैनी, त्या मोबाईलातल्या घागरीवाल्या तुमीच का?"

"मीच!"

"लई भारी बोल्लात! आता बसा तितंच! दुसरी होडी लग्नाला गेलीया, सांजच्याला यील. मागल्या अंगानं आनतो!"

संध्याकाळपर्यंत थांबायचं म्हणजे घरी पोहोचायला रात्र, आणि सकाळी दहाला पुणे. आरोही म्हणाली, "थांबायला नको. मी शब्द दिलाय. होडी आपणच ओढू."

आता हे काम माझं होतं. शेतात टेम्पो रुतला की आम्ही काय करतो? टोमॅटोच्या काठ्या चाकापुढे आडव्या टाकतो, एकावर एक, आणि टेम्पो वरून काढतो. घाणेरी तर हवी तेवढी होती. मी कोयता घेतला. ती फांद्या ओढून आणायची, मी गाळावर आडव्या-उभ्या रचायची, त्यावर पाय देऊन पुढच्या टाकायची. दोन तासांत अर्धी वाट झाली. हातांना ओरखडे, साडी कासोट्यासारखी खोचलेली. आरोही म्हणाली, "हे मला कधी सुचलं नसतं." मला वाटलं, चला, काहीतरी मी पण जाणते.

अकराच्या सुमारास घरी कळवायला म्हणून मी तिचा फोन घेऊन खडकावर चढले. माझ्या फोनने कधीच मान टाकली होती. आमच्या ह्यांना, गोरखरावांना, फोन लावला.

"अगं, कालव्याला पानी आलंय! काठोकाठ!" ते ओरडले. "तू बघायला पायजे व्हतीस!"

"बघतीच आहे," मी म्हणाले आणि उशीर होईल एवढं सांगून ठेवला.

खाली उतरणार तोच फोन वाजला. एका मुलीचा आवाज, गोड. "आरोही मॅडम? उद्याचं जॉइनिंग कन्फर्म करायचं होतं. तुम्ही येताय ना?"

एक "हो" म्हणायचा होता. ज्यासाठी मी घरातून निघाले, बॅग भरून ठेवली, दोन वर्षं तोंड वाजवलं, ते काम त्या एका अक्षरात होत होतं. खाली आरोही फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन गाळाकडे चालली होती. माझ्या तोंडून "हो" निघेना.

"मी तिची आई बोलतीय," मी म्हणाले. "ती चिखलात आहे."

"सॉरी?"

"कामात आहे. अर्ध्या तासात तीच फोन करंल. तिचं मी सांगनार न्हाई."

खाली आले. आरोहीने विचारलं, "कुणाचा होता?"

"तुझ्या कंपनीचा."

"काय सांगितलंस?"

"काय बी न्हाई."

तिने भारा खाली टाकला. दोन्ही पाय फांद्यांवर नीट रोवून उभी राहिली, मार खायला उभं राहावं तशी. "मग आता सांग. दोन रात्री झाल्या. तू म्हणशील तसं."

मी हातातल्या फांदीची पानं ओरबाडत होते. म्हणाले, "दोन वर्सं मी सगळ्यास्नी सांगत फिरले, मला पोरीची काळजी वाटती. काळजी व्हती बी थोडी. पण खरं सांगू का? मला तुझा हेवा वाटत व्हता."

"आई..."

"बोलू दे. एकदाच बोलनार हाय. तुझ्या वयाची व्हते तवा तू कडंवर व्हतीस, आन मला कुनी कशाचं इचारलंच न्हाई. त्याचा राग मी तुझ्यावर काढला. आता मी सोड बी म्हनत न्हाई आन धर बी म्हनत न्हाई. तुझा शब्द तुला परत. वर जा आन काय सांगायचं ते तुझं तू सांग."

तिने हात ओढणीला पुसले, फोन घेतला आणि ती चढून गेली. खालून मला तिची पाठ दिसत होती. बोलणं दोन मिनिटांतच आटोपलं, मग ती खडकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. नुसती वाट पाहणं मला जमत नाही, म्हणून मी वाट रचत राहिले. शेवटच्या फांद्या पाण्यापर्यंत पोहोचल्या तरी ती वरच होती.

आली तेव्हा डोळे लाल होते.

"काय सांगितलंस?"

"नाही म्हणाले त्यांना."

"मग रडायला काय झालं?"

तिने नाक पुसलं. "मी मनात ठरवून ठेवलं होतं आई. तू सोड म्हणाली असतीस, तर जन्मभर तुला बोल लावला असता. धर म्हणाली असतीस आणि उद्या हे बुडालं असतं, तरी तुझ्याच माथ्यावर मारलं असतं. आता चुकलं तर माझंच चुकणार. लई भीती वाटली गं."

मी तिला जवळ घेतलं. दोघी चिखलाने इतक्या माखलेल्या होतो की कुणाचा हात कुठला ते कळेना.

"वाटनारच," मी म्हणाले. "मला बी वाटतीया. आता त्या बाजूनं धर."

मी होडीच्या एका कडेला गेले, ती दुसऱ्या. पहिल्यांदा जोर लावला, होडी तसूभरही हलली नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा खाली फांद्या कडाकड मोडल्या आणि ती सरकली.